अर्धंच बोट बधिर! एरवी मेंदू दोन नर्व्हचं एक बोट कसं करतो? (मदत हवी आहे)

फिजिओथेरपीवाले, न्यूरोवाले कुणी असतील तर जरा प्रकाश टाका.

आप्पांचं अमळनेरला किराणा दुकान. दिवसभर डावं कोपर गल्ल्यावर टेकवून बसायची सवय. दिवाळीपासून करंगळी बधिर आहे आणि शेजारची अनामिका अर्धीच. अर्धी म्हणजे टोकाकडची नव्हे, उभी अर्धी! डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा फिरवला, तर मधल्या बोटाकडची बाजू लख्ख कळते, करंगळीकडची काहीच नाही. आप्पा म्हणतात, "आर्धं बोट मन्हं शे, आर्धं कोनं शे?"

कोपरापाशी अल्नर नर्व्ह दबलीय असं डॉक्टरांनी सांगितलं, एनसीव्ही (नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी तपासणी) लिहून दिलीय. उपचार चालू आहेत, प्रश्न त्याबद्दल नाही. अनामिकेत करंगळीकडून अल्नर आणि मधल्या बोटाकडून मीडियन अशा दोन नर्व्ह येतात, हेही त्यांनीच सांगितलं. आता तेव्हापासून माझं डोकं अडकलंय. माझ्या धडधाकट बोटातही हीच वाटणी आहे, मग मला तिथे दोन भागांमधला सांधा कसा जाणवत नाही?

उलटा प्रकारही बघा. तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांवर चढवा, डोळे मिटा आणि टोकांच्या फटीत हरभऱ्याचा एक दाणा फिरवा. दोन दाणे वाटतात. (ॲरिस्टॉटलनेही हे लिहून ठेवलंय.) पण तळव्याच्या बाजूने ही दोन्ही बोटं एकट्या मीडियनची. म्हणजे दोन नर्व्ह मिळून बोट एक, आणि नर्व्ह एक तर दाणे दोन. मेंदू मोजतो तरी काय?

प्रतिसाद
नर्व्ह मोजतच नाही, जागा बघतो. हाताच्या नर्व्ह मानेतून काखेकडे येतात तिथे ब्रॅकियल प्लेक्सस नावाचं जाळं आहे. त्यात तंतूंची फेरवाटणी होते. मणक्यात शिरताना मधलं बोट बहुतेक सी-७ मधून, अनामिका-करंगळी बहुतेक सी-८ मधून (मानेतल्या सातव्या नि आठव्या नर्व्हची मुळं). एका गावचं वऱ्हाड दोन एसट्यांनी आलं तरी पंगतीला एकत्रच बसतं, तसं. म्हणूनच मानेत सी-८ दबली तर सहसा अख्खी अनामिका बधिर होते, कोपरात अल्नर दबली तर उभी अर्धी. तुमचे डॉक्टर मान सोडून थेट कोपराकडे वळले ते त्यामुळेच असणार.

प्रतिसाद
त्याच्या पुढचं सांगतो. हे संदेश मेंदूच्या देठापर्यंत चढतात, तिथे बाजू बदलतात आणि थॅलॅमसमार्गे (मेंदूच्या आतलं संदेश पुढे पाठवणारं ठाणं) पराइटल भागात, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात जातात. तिथे बोटांचा ओळीने नकाशा आहे. सुरुवातीच्या ३बी क्षेत्रातल्या पेशी साधारण एकेका बोटाच्या लहानशा तुकड्यापुरत्या बोलतात, पुढच्या १ आणि २ क्षेत्रांत अनेक बोटांची बेरीज होते.

हा नकाशा वापरानेही घडतो. १९८८ साली मेंदूसंशोधक मर्झेनिक यांच्या गटाने माकडांची शेजारची दोन बोटं शिवून जोडली, तर काही महिन्यांनी नकाशातली त्यांच्यामधली ठळक सीमा पुसली गेली. (माकडाचं वाचून पोटात कालवतं, पण असो.) कायम एकत्र येणारे संदेश मेंदू एकत्र बांधतो. अनामिकेच्या दोन्ही बाजू जन्मापासून एकत्रच वस्तूला लागताहेत, मग सांधा कुठून जाणवणार? दाण्याचं उलट आहे. बोटं चढवली की त्यांच्या दूरच्या कडा एकाच दाण्याला लागतात. एरवी त्या कडांना एकाच वेळी काही लागलं तर त्या वस्तू दोन असतात. बोटं सरळच आहेत असं धरून मेंदू उत्तर देतो.

धागाकर्ता
आत्ता उजेड पडला! आप्पांना सांगितलं, ते गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना दाण्याचा खेळ दाखवताहेत. कोपर अजून तिथंच.

प्रतिसाद (पहिलाच, फिजिओवाला)
कोपर आधी उचलायला लावा. रात्री कोपर पूर्ण दुमडून झोपत असतील तर सैल टॉवेल गुंडाळा, म्हणजे फार वाकणार नाही. आणि अंगठा-तर्जनीच्या मधला, हाताच्या पाठीकडचा मांसल भाग दुसऱ्या हाताच्या मानाने खोल गेलाय का ते उजेडात बघा. गेला असेल तर एनसीव्हीची तारीख येईपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.