मॉड-जेके ही पुराणवस्तू आहे काय?

कोथरूडकर: काल येथे एका सदस्याने लिहिले की, अपाची हा वेब सर्व्हर आणि जावा ॲप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट यांच्यामध्ये आजही मॉड-जेके हे जोडणारे मॉड्यूल ठेवणे म्हणजे शनिवारवाड्यात बिऱ्हाड करण्यासारखे आहे, त्याऐवजी टॉमकॅटकडे विनंती एचटीटीपीनेच धाडणारी प्रॉक्सी लावावी आणि मोकळे व्हावे. माझी हरकत त्या 'मोकळे व्हावे'ला आहे. गेल्या वर्षी ग्राहकाच्या आग्रहाखातर आम्ही मॉड-जेके काढले, आणि दुसऱ्याच दिवशी लॉगिन करणारा प्रत्येक जण एचटीटीपीएसवरून साध्या एचटीटीपीवर फेकला जाऊ लागला, कारण बाहेरची जोडणी सुरक्षित आहे हे टॉमकॅटला सांगणारे कोणी उरले नव्हते. मॉड-जेके ज्या प्रोटोकॉलने टॉमकॅटशी बोलते तो एजेपी ही माहिती, वापरकर्त्याच्या आयपी पत्त्यासह, विनंतीबरोबरच पोचवतो. आम्हाला ती सांगणारे हेडर विनंतीला हाताने लावावे लागले, ते वाचणारा टॉमकॅटचा रिमोट-आयपी व्हॉल्व्ह बसवावा लागला, आणि तरीही ॲक्सेस लॉगच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी वापरकर्त्याऐवजी १२७.०.०.१ हा खुद्द सर्व्हरचाच पत्ता येत राहिला. लॉगच्या व्हॉल्व्हमध्येही एक पर्याय चालू करावा लागतो, हे उमगेपर्यंत दिवेलागण झाली होती.

खराडीचा: कोथरूडकर, चार ओळी लिहायच्या राहिल्या तुमच्याकडून आणि खापर मात्र एचटीटीपीच्या माथी! मॉड-जेके अपाचीच्या मूळ संचात येत नाही. आमच्या सर्व्हरवर ते स्वतः कंपाइल करावे लागे, आणि ते करणारा गृहस्थ नोकरी सोडून गेला तेव्हा वर्कर्स-प्रॉपर्टीज फाइलमधील अकरा वर्करपैकी (म्हणजे विनंत्या ज्यांच्याकडे धाडायच्या त्या टॉमकॅटांपैकी) जिवंत किती, हे सांगणारा माणूस कंपनीत नव्हता. शिवाय एजेपीवरून वेबसॉकेट, म्हणजे दोन्हीकडून संदेश येत-जात राहणारी खुली जोडणी, चालत नाही. आणि एजेपीमार्गे सर्व्हरवरील फायली वाचू देणारे २०२० सालचे घोस्टकॅट हे भगदाड आपण सोयीस्करपणे विसरलात.

कोथरूडकर: विसरलो नाही. एजेपीचा ८००९ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा ठेवायचा आणि फायली वाचल्या गेल्या की प्रोटोकॉलला शिव्या घालायच्या, हा कोणता न्याय?

खराडीचा: तो उघडा आम्ही ठेवलेला नव्हता, टॉमकॅटच्या मूळ मांडणीतच एजेपी सर्व पत्त्यांवर चालू असे. त्यात काही वावगे नव्हते, तर ९.०.३१ या आवृत्तीपासून त्यांनी तो कनेक्टर बंद करून का ठेवला, आणि चालू केलाच तर सीक्रेट, म्हणजे अपाची व टॉमकॅटमधला परवलीचा शब्द, सक्तीचे का केले?

सिंहगड रस्ता: या सीक्रेटची कथा ऐकाच. आम्ही दोघांच्या मधले, म्हणजे अपाचीबरोबरच येणारे आणि एजेपीच बोलणारे मॉड-प्रॉक्सी-एजेपी वापरणारे. कंपाइल करण्याची कटकट नाही आणि आयपी पत्ताही नीट पोचतो. टॉमकॅट अद्ययावत केला तर सीक्रेट दिलेले नाही म्हणून एजेपी कनेक्टर सुरूच होईना आणि अपाची ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही', दाखवत बसला. सीक्रेट द्यायला गेलो, तर अपाचीच्या २.४.४२ पूर्वीच्या आवृत्तीत ते पाठवण्याची सोयच नव्हती आणि आमची आवृत्ती जुनी. अखेर रात्री दोन वाजता ती सक्ती बंद केली, कनेक्टर फक्त लूपबॅकला, म्हणजे त्याच यंत्राच्या अंतर्गत पत्त्याला, बांधला आणि घरी गेलो. सुरक्षेसाठी केलेल्या बदलात पहिली गोष्ट काय केली, तर सुरक्षेची अट काढून टाकली!

कोथरूडकर: येथे नम्रपणे नमूद करतो की, त्या पुराणवस्तूत, म्हणजे मॉड-जेकेमध्ये, सीक्रेट पाठवण्याची सोय कित्येक वर्षे आधीपासून होती.

खराडीचा: अभिनंदन. आणि एजेपीच्या आठ केबींच्या मर्यादेचे काय? आमच्या एका ग्राहकाकडे केवळ काही अधिकाऱ्यांचेच लॉगिन अडत असे. जो माणूस जितक्या जास्त गटांत, तितके त्याचे हेडरमधून जाणारे ओळखीचे टोकन लांब. सगळी हेडरे ८१९२ बाइटांच्या पहिल्या पाकिटात मावत नसत. मर्यादा मॉड-जेकेकडे आणि टॉमकॅटकडे सारखीच वाढवावी लागते. आम्ही एकीकडेच वाढवली आणि तीन दिवस घालवले.

सिंहगड रस्ता: टॉमकॅटच्या एचटीटीपी कनेक्टरचीही हेडर-मर्यादा मुळात ८१९२ बाइटच असते. एचटीटीपीवर असता तरी ते अधिकारी अडलेच असते.

खराडीचा: बरोबर आहे. हा मुद्दा मागे घेतो. वेबसॉकेटचा मात्र घेणार नाही.

कोथरूडकर: तो मागू नकाच. पुढच्या महिन्यात सुरू होणाऱ्या पोर्टलवरील सूचना वेबसॉकेटवरून येणार असल्याने तेथे मी एचटीटीपीच लावणार आहे. हे आपल्या सल्ल्यामुळे नव्हे, याची कृपया नोंद घ्यावी. जुने चौदा सर्व्हर मात्र मॉड-जेकेवरच राहतील.