गाडीतले स्पीकर बदलायचे की आहेत तेच नीट जुळवायचे?

मंद्रसप्तक
गाडीतला आवाज बसका वाटला की आपण पहिला घाव घालतो तो दारातल्या स्पीकरवर. मीही घातला. कंपनीचे कागदी कोनाचे (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा शंकू) काढले, साडेसहा इंची कंपोनंट सेट (जाड सुरांचा वूफर आणि बारीक सुरांचा ट्विटर वेगवेगळे) बसवला, ओळखीचं गाणं लावलं, आणि आवाज आधीपेक्षा बारीक! दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "स्पीकर उघडायला वेळ लागतो." महिना झाला, काही उघडलं नाही.

कारण साधं होतं. कंपनीचा कोन हलका असतो, थोड्या वॉटवर हलतो. नवा कोन जड, त्याची रबरी कडाही जाड, त्याला ताकद जास्त लागते. ती हेड युनिटकडे (डॅशबोर्डातल्या स्टिरिओकडे) नसते. पाटीवर '५० वॉट × ४' लिहिलेलं असतं, ते सोडा. गाडी चालू असताना व्होल्टेज १४.४. त्यातून जास्तीत जास्त १० व्होल्ट आरएमएस (परिणामी व्होल्टेज) निघतात. १० चा वर्ग १००, भागिले ४ ओहम, म्हणजे २५ वॉट. हे गणितातले. प्रत्यक्षात स्वच्छ १८-२० हाती लागले तरी पुष्कळ.

माझं म्हणणं: आधी दार (पत्र्याची थरथर डॅम्पिंग शीटने थांबवणं), मग अँप (ताकद देणारा अँप्लिफायर) आणि क्रॉसओव्हर (जाड-बारीक सूर वेगवेगळ्या स्पीकरला वाटून देणारा), स्पीकर सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कागदीकोन
मी तर म्हणतो काहीच करू नका. गाडी आहे ती, ध्वनिमुद्रणाची खोली नाही. हायवेला काचा बंद करूनही आत ७० डेसिबलच्या आसपास घरघर असते. त्यात तुमचं ते तलम ट्यूनिंग कुठे ऐकू येणार?

शिवाय उद्योग वाढतात ते वेगळेच. कुणी मूळ वायरी कापतो, मग वॉरंटीवरून वाद. कुणी दाराला डॅम्पिंग शीट चिकटवताना खालची पाणी जायची भोकंच बुजवतो. कुणी ट्विटरसाठी पुढच्या खांबाचं कव्हर कोरतो, तिथे पडदा एअरबॅग आहे याचा पत्ताच नाही. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी त्याच केबिनसाठी इक्वलायझर बसवून दिलाय. तुम्ही स्पीकर बदललात की तो इक्वलायझर चुकीच्या स्पीकरसाठी चालत राहतो.

मंद्रसप्तक
एअरबॅग आणि भोकांबद्दल शंभर टक्के मान्य. वायरीही कापायच्या नाहीत, कपलरला लागणारा अडॅप्टर मिळतो.

पण कंपनीच्या इक्वलायझरचं कौतुक पुरे. बऱ्याच गाड्यांत आवाज वाढवत नेला की बेस गुपचूप कमी केला जातो. कशासाठी? तो कागद फाटू नये म्हणून. तेवढाच आवाज अर्ध्या फ्रिक्वेन्सीला काढायचा तर कोनाला चौपट पुढे-मागे जावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर, तर ४० ला चार. म्हणूनच दारातल्या स्पीकरला ८० च्या आसपास हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारी गाळणी) लावायचा आणि खालचं काम सबवूफरला द्यायचं. माझ्याकडे हे केल्यावर त्याच दारातून डग्गा वेगळा आणि गळा वेगळा ऐकू आला. आधी दोघं एकाच गोधडीत होते.

कानसेन
एवढा उपद्व्याप कशाला? सेटबरोबर पॅसिव्ह (वेगळी वीज न लागणाऱ्या) क्रॉसओव्हरची डबी येतेच. तीही नसेल तर ट्विटरला १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावा. ४ ओहमला तो ४००० हर्ट्झच्या खालचं हळूहळू अडवतो, ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी निम्मी होताना) ६ डेसिबल. पुढचं कानाने. माइक लावून आलेख काढणारे लोक गाणं ऐकतात की स्क्रीन बघतात? हातच्या कांकणाला आरसा कशाला!

उलटाफेज
कानसेनजी, आदर ठेवून असहमत. डबी बनवणाऱ्याला तुमचं दार आणि तुमचा कान यांतलं अंतर माहीत नसतं. बहुतेक गाड्यांत वूफर गुडघ्यापाशी, ट्विटर आरशापाशी. साडेसहा इंची स्पीकरचा हलणारा भाग साधारण १३ सेंटिमीटर. आवाजाच्या लहरीची लांबी तेवढी होते २६०० हर्ट्झच्या आसपास, आणि तिथून वर तो टॉर्चसारखा समोरच फेकू लागतो. समोर काय? दुसऱ्या बाजूच्या सीटची कड. म्हणजे ४००० पर्यंत वूफरच चालवलात तर मधला पट्टा कानापर्यंत धड येत नाही आणि गायक पायाशी बसून गातो. क्रॉसओव्हर २५०० च्या जवळ आणा, गायक डॅशबोर्डवर चढतो. अट एकच: ट्विटरची स्वतःची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (ज्यावर तो आपणहून जोरात थरथरतो) क्रॉसओव्हरच्या निम्म्याहून कमी हवी आणि उतार ऑक्टेव्हला २४ डेसिबलचा. ६ च्या उतारावर एवढं खाली आणलंत तर ट्विटर कोकलेल, मग जळेल.

२४ मध्येही लिंकविट्झ-रायली पद्धतीचा क्रॉसओव्हर निवडा. लिंकविट्झ आणि रायली दोघंही ह्यूलेट-पॅकार्डमधले इंजिनीअर, निबंध १९७६ चा. यात क्रॉसओव्हरच्या बिंदूवर दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली आणि एकाच फेजमध्ये (एकाच वेळी पुढे-मागे) असतात, त्यामुळे बेरीज सपाट येते. १२ च्या उतारात त्या बिंदूवर वूफर आणि ट्विटर एकमेकांच्या विरुद्ध असतात. एकाची वायर उलटी जोडली नाही तर तिथे खड्डाच.

आणि अंतर. जवळचं दार ९० सेंटिमीटरवर, लांबचं १४० वर धरा. फरक ५०, म्हणजे जवळपास दीड मिलिसेकंद. दोन्हीकडून एकच सूर निघाला तर ३४० हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खातात, नेमका गळ्याचा पट्टा. डीएसपीत (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात) जवळचा स्पीकर दीड मिलिसेकंद थांबवायचा. हे इक्वलायझरने भरून निघत नाही, कितीही वर ढकला.

कानसेन
आणि शेजारच्या सीटवर बसलेल्याचं काय? त्याच्यासाठी तर सगळं दुप्पट बिघडलं. माझी बायको त्याच सीटवर असते. ती म्हणेल तेच ट्यूनिंग.

उलटाफेज
हा मुद्दा खरा आहे. डीएसपीत दोन प्रीसेट ठेवा, एकट्याचा आणि दुकट्याचा. (हलके घ्या.)

कागदीकोन
तुमच्या फेजपुराणाने डोकं उठलं म्हणून काल एक प्रयोग केला. माझी गाडी दुसऱ्या हाताची, आधीच्या मालकाने स्टिरिओ बदललेला. हेड युनिट बाहेर ओढलं, पुढच्या दारांच्या वायरी सोडवल्या आणि भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. धन टोक धनाला लावल्यावर कोन बाहेर उडी मारतो, हे कुठेतरी वाचलेलं. मुलाला जाळीतून टॉर्च मारून बघायला बसवलं. एका दाराला "बाहेर आला!", दुसऱ्याला "आत गेला!" पुन्हा केलं, पुन्हा तेच. गेली दोन वर्षं माझी दोन दारं एकमेकांचा बेस खात होती.

वायर फिरवली. बेस आला, गायक मधोमध आला. स्पीकर तेच, कागदी. म्हणजे माझंच खरं, कंपनीचे स्पीकर पुरतात.

मंद्रसप्तक
अहो, मी पहिल्या परिच्छेदापासून दुसरं काय सांगतोय? अवांतर: ट्विटरला सेल लावून बघू नका. त्याचं हलणं डोळ्याला दिसत नाही, वाटेत कपॅसिटर असला तर नुसती टिचकी ऐकू येते.

कागदीकोन
तुम्ही अँप आणि क्रॉसओव्हर सांगत होतात. मला एक सेल पुरला.

मंद्रसप्तक
८० चा हाय-पास एकदा लावून बघा, मग बोलू. हेड युनिटच्या मेनूत असतो बऱ्याचदा, काही विकत आणावं लागत नाही.

कागदीकोन
मेनूत आहे. १०० वर होता. आता ८० वर केलाय, पण तुमच्या सांगण्यावरून नाही.