रिग्रेशनमध्ये आधी कोणत्या टेस्ट लावायच्या?

प्रश्न (वणी):
कापूस खरेदीचं अ‍ॅप आहे: काटा, ओलावा, पट्टी (हिशोबाची पावती), पेमेंट. ४२० रिग्रेशन टेस्ट (कोड बदलल्यावर जुनं काही बिघडलं का ते आपोआप तपासणाऱ्या), पूर्ण रन तीन तासांचा. दुपारी लाइन जाते अन् रन अर्धवट राहतो. क्रम कसा लावू?

उत्तर (हिंगणघाट):
कव्हरेज रिपोर्टमधून (टेस्ट चालताना कोडच्या कोणत्या ओळी चालल्या त्याची नोंद) कोणती टेस्ट कोणत्या फाइलीतून जाते तो तक्ता काढून ठेवा. गिट डिफमधल्या (म्हणजे या वेळी कोडमध्ये बदललेल्या) फाइलींना लागणाऱ्या टेस्ट वर घ्या, त्यातही नुकत्या फेल झालेल्या सगळ्यात आधी. बाकीच्या लावताना दर वेळी अशी टेस्ट निवडा, जी आतापर्यंत न तपासलेल्या सर्वात जास्त ओळी तपासते. नुसत्या एकूण कव्हरेजवर क्रम लावला तर पहिल्या दहा टेस्ट तेच लॉगिन अन् तोच काटा घोटत बसतात. निकाल प्रत्येक टेस्टनंतर डिस्कवर लिहा, म्हणजे लाइन आल्यावर तिथूनच पुढे.

उत्तर (आर्वी):
बरोबर आहे, पण कव्हरेजला पैशाची जोखीम कळत नाही भाऊ. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) हमीभाव खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, १२ च्या वर माल घेत नाहीत. म्हणून ८.०, ८.१, १२.० अन् १२.१ या चार टेस्ट डिफ काहीही असो, पहिल्याच. दुसरं, फक्त दराची जेसन फाइल (कोड नव्हे, नुसता डेटा) बदलली तर ती कव्हरेजमध्ये दिसतच नाही. तिच्या टेस्ट हातानं जोडा. नेटमुळे कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट वेगळ्या यादीत काढा, नाहीतर 'नुकत्या फेल' म्हणून त्याच वर चढतात.

प्रश्नकर्ता:
क्रम बदलला तर पट्टीच्या टेस्ट फेल होऊन राहिल्या.

उत्तर (हिंगणघाट):
त्या काट्याच्या टेस्टनं टाकलेल्या डेटावर चालत असतील. प्रत्येक टेस्टला स्वतःचा शेतकरी अन् स्वतःची वजनपावती तयार करू द्या, मगच क्रमाला हात लावा.