शॉक आणि डिफ लटकलेत, तोवर किट कारचं काम कसं पुढे सरकवू?

चासीवाला:
नमस्कार मंडळी, लोटस सेव्हनच्या धर्तीवरची टू-सीटर किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी, बांधतोय. पावडर कोट केलेली चासी स्टँडवर आहे, पुढचे विशबोन (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे) आणि स्टिअरिंग रॅक लागलंय, इंजिन-गिअरबॉक्स बाजूला तयार आहे. पण शॉक (शॉक अब्सॉर्बर) आणि डिफ (डिफरन्शियल, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) काही येईना, सप्लायर सारखी तारीख पुढे ढकलतोय आणि आता तर नक्की कधी हेही सांगत नाही. इतक्या हौसेने काढलेलं काम, नुसतं बघत बसवत नाही. ब्रेक पाइप, वायरिंग, अ‍ॅल्युमिनियम पॅनल हे उरकून घ्यावं असं वाटतंय, पण डिफ आल्यावर अर्धं परत उचकटायला लागलं तर? आत्ता काय करू आणि कशाला हात लावू नको?

पानाबोल्ट:
शॉकसाठी अजिबात थांबू नका. राइड हाइटला, म्हणजे गाडी चाकांवर उभी असतानाच्या उंचीला, शॉकची लांबी किती, म्हणजे वरच्या आणि खालच्या बोल्टच्या सेंटरमधलं अंतर, हे सप्लायरकडून घ्या, पार्ट नाही तर निदान आकडा तरी देतील. तेवढ्या अंतरावर भोकं पाडून जाड लोखंडी पट्ट्या शॉकच्या जागी बोल्ट करा. हब, चाकं खऱ्या उंचीला बसतात, मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासतोय, ब्रेकचा होज कुठे ताणला जातोय सगळं आत्ताच दिसतं. आणि विशबोनला रबरी बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) असतील तर त्यांचे बोल्ट फायनल टाइट याच उंचीला करायचे. विशबोन खाली लटकत असताना आवळले तर गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

लालवायर:
वायरिंगसाठी याहून चांगली वेळ मिळणार नाही. लूम (वायरींचा बांधलेला जुडगा) चासीत घालायच्या आधी जमिनीवर पसरा, दिवे, स्विच, मीटर सगळं जोडा आणि बॅटरीला लहान फ्यूज लावून एकेक सर्किट चालू करून बघा, प्रत्येक टोकाला लेबल लावत जा. बॉडी फायबरची असेल तर तिच्यातून अर्थ (करंटला बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) मिळत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थ वायर ओढा. तुमची चासी पावडर कोटेड आहे, तेव्हा अर्थच्या जागी कोट खरवडून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, वायर आवळल्यावर वरून ग्रीस लावा. इंजिन रबर माउंटवर बसतं त्यामुळे इंजिन ते चासी जाड अर्थ पट्टी हवीच, ती नसली की स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

ब्रेकआधी:
वरच्या दोघांशी सहमत, पण पॅनलच्या बाबतीत घाई नको. डिफ बसवताना टनेलमध्ये (दोन सीटमधल्या बोगद्यात) आणि मागच्या कप्प्यात हात जायला जागा लागते, तेवढा भाग उघडाच ठेवा. बाकीचे पॅनल कापून, १/८ इंची रिवेटसाठी ३.२ मिमीची भोकं पाडून क्लेकोवर (रिवेटच्या भोकात बसणाऱ्या, परत काढता येणाऱ्या पिनांवर) तात्पुरते लावून ठेवा. पक्कं करताना अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंडाच्या मध्ये सीलंट पाहिजेच, दोन्ही धातू थेट टेकले आणि ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं.

ब्रेक पाइप पुढचे पूर्ण करा, निकेल-कॉपरचा ३/१६ इंची घ्या, हाताने वळतो आणि गंजत नाही. मागे जाणारी लाइन ओढून डिफजवळ फूटभर जास्त ठेवा आणि टोक बंद करा, तिथलं फ्लेअर (जोडासाठी पाइपचं टोक फुलवणं) आत्ता करू नका. आणि कृपा करून नटांचे आटे तपासा, ३/८ यूएनएफ (इंची आटे) आणि एम१०×१ (मिलिमीटरचे आटे) दिसायला सारखेच, ३/८ चा नट एम१० च्या भोकात सैलसर बसतोही, पण पेडल जोरात दाबल्यावर तो धरेल याचा भरवसा नाही. ब्रेक फ्लुइड इतक्यात भरू नका, डॉट ४ हवेतला ओलावा ओढतं आणि सांडलं तर पेंट उतरवतं.

चासीवाला:
खूप आभार सगळ्यांचे, पट्ट्यांची आयडिया तर फारच आवडली, चाकांवर उभी बघायला मिळाली तरी हुरूप येईल. या शनिवारी पट्ट्या आणि लूम दोन्ही घेतो. एकच विचारायचं राहिलं, प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्स ते डिफ जोडणारा फिरता दांडा) ड्रॉइंगवरच्या मापाने आत्ता बनवायला टाकू का?

पानाबोल्ट:
नको. इंजिन, गिअरबॉक्स, डिफ तिन्ही आपापल्या माउंटवर आवळल्यावर फ्लँज ते फ्लँज माप घ्यायचं, गिअरबॉक्सकडच्या स्प्लाइनला (खाचांच्या सरकत्या जोडाला) मागे-पुढे सरकायला जागा सोडायची आणि मगच ऑर्डर. तोवर जे जे परत खोलावं लागणार तिथे साधे नट लावा, नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे नट) नवे राखून ठेवा, फायनल टॉर्क दिला की नटावर पेंटची रेघ मारत जा. रेघ नाही म्हणजे अजून आवळायचा आहे, एवढा साधा हिशोब.