दोन तुकड्या एकत्र आलेल्या वर्गासाठी कोणते खेळ घ्यावेत?

प्रश्न: यंदा सहावीच्या दोन तुकड्या एकत्र झाल्या असून मुले अजूनही डबा खाताना जुन्या तुकडीप्रमाणे वेगळी बसतात. साहित्य नाही, मैदान लहान आहे. त्यांच्यात सहकार्य आणि जवळीक वाढेल असे खेळ कृपया सुचवावेत.

उत्तर १: साखळीपासून सुरुवात करावी. ज्याच्यावर राज्य आहे तो ज्याला पकडेल त्याचा हात धरतो, आणि साखळी तुटली तर पकडलेला गडी धरला जात नाही. पहिल्या दिवशी टोकांची मुले हमखास उलट दिशांना ओढतात व मधल्याचा हात सुटतो. मात्र दोन-तीन डावांनंतर कुणीतरी ‘आधी डावीकडे!’ असे ओरडते आणि सगळी साखळी एकदम वळते. तो क्षण पाहण्यासारखा असतो.

उत्तर २: माझ्या मते खो-खोला तोड नाही. आठ जण आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही की मध्येच दिशा बदलता येत नाही, त्यामुळे कितीही चपळ मुलाला योग्य वेळी दुसऱ्याला खो द्यावाच लागतो.

उत्तर ३: एक विनंती. कर्णधारांना गडी निवडू देऊ नका, कारण शेवटी उरलेल्या मुलाची खाली गेलेली मान मी पाहिली आहे. चिठ्ठ्या टाकून संघ पाडा. जुन्या तुकड्याही आपोआप मिसळतील.