मालिकेतील कामवालीचे चित्रण: ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. मी जनसंवादाची विद्यार्थिनी आहे. एका मराठी कौटुंबिक मालिकेतील स्वयंपाकघरातल्या तीन मिनिटांच्या प्रसंगावर मला निबंध लिहायचा आहे. प्रसंगात सासूबाई, सून आणि भांडी घासणारी बाई अशी तीन पात्रे आहेत. ‘कामवालीला दुय्यम दाखवले आहे’ असे मी मसुद्यात लिहिले, तेव्हा सरांनी समासात ‘कशावरून?’ एवढाच शेरा दिला. वर्गभेद जाणवतो, पण पुरावा म्हणून नेमके काय नोंदवावे?

उत्तर (म्हापसा)
प्रसंग प्रथम आवाज बंद करून पाहावा आणि प्रत्येक शॉटची नोंद ठेवावी: चौकटीत कोण आहे, किती जवळून आहे, किती सेकंद आहे आणि फोकस कोणावर आहे. एखादी बातमी फुटली की मालिकेत कॅमेरा घरातल्या एकेकाच्या चेहऱ्यावर झेप घेतो. त्या फेरीतून कामवाली वगळली जात असेल, तर तिच्या मनाला किंमत नाही असे संकलनच सांगत असते. तिचे वाक्य चालू असताना पडद्यावर सासूबाईंचा चेहरा आहे का, हेही तपासावे.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर 1988 साली दूरदर्शनवर आलेली गोविंद निहलानी यांची ‘तमस’ पाहावी. सुरुवातीलाच कातडी कमावणारा नथू (ओम पुरी) बंद खोलीत डुक्कर मारण्यासाठी झटतो आणि कॅमेरा त्याला सोडून जात नाही. त्याची धाप आणि त्याची भीती आपल्याला त्याच्यासोबत सोसावी लागते. इतका वेळ त्याला दिला, यातच त्याचा मान आहे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (मडगाव)
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र एक सावधगिरी बाळगावी. दैनंदिन मालिकेचे चित्रीकरण बहुधा एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी आणि सगळीकडे सारख्या उजेडात उरकले जाते. त्यामुळे प्रत्येक निवडीमागे दिग्दर्शकाचा हेतू शोधू नये. प्रेक्षकावर होणारा परिणाम लिहावा. ध्वनीही विसरू नका. ख्रिस्ती शेजारी दारात येताच गिटार वाजू लागते, हे आपण गोव्यातील प्रेक्षक वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत आणि ते खुपते. त्या माणसाने तोंड उघडण्यापूर्वीच संगीताने त्याची ओळख ठरवलेली असते.

उत्तर (डिचोली)
नेपथ्याविषयी थोडेसे. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणावर निर्बंध आले, तेव्हा अनेक मराठी मालिका गोव्यात आल्या होत्या. स्थळ बदलले की तिथली माणसेही कथेत येतात, असे मात्र नव्हे. घराचे बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) चौकटीत आले, पण त्यावर बसणारे कुटुंब आले का. पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंगा ऐकू आला, पण पोदेर बोलला का, हे प्रश्न विचारावेत.

प्रश्नकर्ती (फोंडा)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मोजणी केली. एकूण 31 शॉट आहेत आणि त्यांपैकी चारच तिचे आहेत. पहिल्या तिनांत नळाखालचे हात तेवढे दिसतात. चेहरा प्रथम दिसतो तो बशी फुटल्यावर, आणि तोही वरून, सासूबाईंच्या नजरेतून. निबंधाची सुरुवात आता त्या बशीपासून करते.