जुळ्या फ्रेमचं काय?
मधल्या फ्रेम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ६० केला तरी कार्टून अडखळतंच, म्हणजे सॉफ्टवेअरच कुचकामी, असं मत ऐकलं; ते मला अर्धंच पटलं. दोष बऱ्याचदा मूळ फाइलमध्ये असतो. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकच चित्र सलग दोन फ्रेम धरून ठेवायची जुनी पद्धत आहे. म्हणजे सेकंदाला फ्रेम २४, पण वेगळी चित्रं १२च. आता दोन जुळ्या फ्रेमच्या मधे राइफ हे एआय सॉफ्टवेअर काय किंवा एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरचा मिंटरपोलेट फिल्टर काय, तिसरी जुळीच घालणार! मग हालचाल थांबते, सरकते, पुन्हा थांबते.

मी आधी एफएफएमपेगच्याच एमपीडेसिमेट फिल्टरने सारख्या फ्रेम गाळतो आणि मगच मधल्या फ्रेम बनवतो. फरक लगेच दिसतो. मात्र मागचं दृश्य सरकत असेल तर पात्राचं चित्र तेच असूनही प्रत्येक फ्रेम वेगळी ठरते आणि काहीच गाळलं जात नाही. तिथे पात्रं अडखळतातच, त्यावर माझ्याकडे तरी उपाय नाही. आणि हो, गाळताना टाइमस्टॅम्प (कोणती फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची याची नोंद) जपा, नाहीतर आवाज एकीकडे नि ओठ दुसरीकडे. (हे मला रात्रभर रेंडर चालवून सकाळी कळलं.)